सुभेदारांचा उजवा डोळा

“माणसाला एसी, बंदुकीला डिकी.”

हे सुभेदारांचं वाक्य. नवी रायफल घेऊन आम्ही चाचणीला निघालो की ते गाडीची डिकी उघडून तिला आत झोपवायचे, भोवती जुनी सतरंजी कोंबायचे, वर आपला गोळीबाराचा जाड चष्मा ठेवायचे आणि झाकण लावता लावता हे म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फौजेतला माणूस आहे, गंमत करत असेल. तुमच्यापैकी जे आखातात राहिलेत त्यांना यातली मेख लगेच कळेल. ऑगस्ट महिन्यात एसीच्या गाडीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि समोरच्या माणसाचा नुसता ठिपका होतो. रायफलवरच्या दुर्बिणीचंही तेच. म्हणून ज्या काचेतून नेम धरायचा ती काच आधीपासूनच बाहेरच्या हवेइतकी तापलेली पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

दुबईच्या देरा भागात आमचं दुकान होतं. शिकारीचं सामान, तंबू, दुर्बिणी, बहिरी ससाण्यांच्या डोक्यावर घालायच्या चामडी टोप्या आणि आतल्या खोलीत परवान्याच्या रायफली. मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो. मी परवान्याची कागदपत्रं बघायचो. सुभेदार साताऱ्याकडचे. फौजेत कित्येक वर्षं रंगरुटांना गोळीबार शिकवून निवृत्त झालेले. विकलेली प्रत्येक नवी रायफल गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आधी स्वतः चालवून बघायची आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे त्यांचं काम. उम्म अल कुवैनच्या पुढे अरबाबची कुंपण घातलेली जागा होती. तिथं वाळूचा उंच बांध घालून त्याच्यापुढे टार्गेट लावायची सोय केली होती. रायफल बाहेर काढली की तिचे कागद बरोबर लागत, आणि कागद म्हणजे मी. दिवाळीत लवंगी फटाक्यालाही कानात बोटं घालणारा माणूस मी. अशा माणसाच्या नशिबी हे काम यावं, हा विनोद सुभेदारांना फार आवडायचा.

“काय ओ पुणेकर, कागदं घेतली का? आन् कापूस?”

कापूस माझ्या कानांसाठी.

त्यांची चाचणी बघण्यासारखी असे. आधी गोळी न घालताच ते रायफलीशी ओळख करून घेत. काडतूस आत सारणारा बोल्ट मागे, बोल्ट पुढे, पुन्हा मागे. कान तिरका करून तो आवाज ऐकत. मग खांद्याला लावून वाळूत चालायचे, बसायचे, पालथे पडायचे. पोट सुटलेला साठीकडे झुकलेला माणूस वाळूत पालथा पडला की त्याला उठवायलाही मीच. “बंदूक हातात जड लागली तरी चालतंय, खांद्याला परकी लागू नये,” असं म्हणत ते कपडे झटकायचे. त्यानंतर टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून नेमबाजी. तीन गोळ्या एकामागून एक त्याच ठिपक्यावर. मग आम्ही दोघं चालत टार्गेटपर्यंत जायचो. ते खिशातून एक दिरहमचं नाणं काढून भोकांवर ठेवायचे. तिन्ही भोकं नाण्याखाली झाकली तर रायफल पास. मग ते माझ्याकडे असं बघायचे, जणू नाणंही त्यांनीच पाडलंय.

ते स्वतःच्या कामाबद्दल कधी विनयानं बोललेले मला आठवत नाहीत. “अख्ख्या दुबईत असा हात दुसरा नाय,” हे ते चहा मागवावा इतक्या सहज सांगायचे.

अशा माणसाला एकच डोळा होता, हे मला कळलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

झालं असं की मी एकदा त्यांच्या डाव्या बाजूनं चहाचा कप पुढे केला आणि त्यांनी वळताना सरळ कोपरानं तो उडवला. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा मी विचारलं. ते काउंटरपाशी कोणी नाही ना हे बघून हळूच म्हणाले, “डावा गेलाय. वर्षं झाली. आवो, फौजेत काय झालं नाय. निवृत्त होऊन घरी गेलो आन् उसात शिरलो, तर पात सपकन डोळ्यात गेली.”

“आणि तुम्ही रायफल चालवता?”

“नेम धरताना दुसरा डोळा मिटायचाच असतो. माझा आधीच मिटलाय. मेहनत वाचली.”

मी हसलो नाही. तेव्हा तेही हसायचे थांबले. “अरबाबला बोलू नका. एका डोळ्याचा टेस्टर म्हटलं की खलास, तिकीट काढून देईल. आन् हा उजवा आहे तोवर मी माणूस आहे, पुणेकर. हा गेला तर मी कुनी नाय.”

त्या दिवसापासून चाचणीला गेलो की माझं लक्ष टार्गेटकडे नसायचं, त्यांच्या उजव्या डोळ्यावर असायचं. तो जाड चष्मा त्यांनी लावला की मला बरं वाटायचं. तसे ते त्याबाबतीत कडक होते. अरबाबलाही त्यांनी एकदा चष्म्याशिवाय टेबलाजवळ येऊ दिलं नव्हतं.

मग ती ऑगस्टमधली दमट सकाळ आली. गिऱ्हाईक मोठं होतं, अरबाबचे जुने स्नेही. दुसऱ्या दिवशी आफ्रिकेत शिकारीला निघायचे होते. त्यांना चाचणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती, म्हणून ते आपल्या नव्या लांबलचक गाडीतून आम्हाला न्यायला आले. सुभेदारांनी सवयीनं डिकीकडे मोर्चा वळवला, तर ती सामानानं गच्च भरलेली. रायफल आमच्या मांडीवर आली, चष्मा सुभेदारांच्या खिशात. त्या गाडीतला एसी इतका होता की माझे दात वाजत होते. सुभेदार वाटेत एकदाच बोलले, “हे काय बरोबर नाय.”

उतरलो आणि सगळ्यावर वाफ धरली. दुर्बिणीवर, नळीवर, चष्म्यावर. सुभेदारांनी रायफल टेबलावर ठेवली, नळी कोरडी करून घेतली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. अरबाबचे हे पाहुणे घड्याळ बघू लागले.

“यल्ला सुभेदार, कितना टाइम?”

“सर, शीशा गरम होने दो.”

“हबीबी, मेरा कल सुबह फ्लाइट है. यल्ला, यल्ला.”

दुर्बीण शेवटी स्वच्छ झाली. चष्मा काही होईना. आता त्यावर घामाचीही वाफ धरत होती. पहिली गोळी त्यांनी चष्मा पुसून मारली, दुसरीही. पाहुण्यांनी मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं आणि ओरडले, दोन्ही भोकं एकमेकांना चिकटली होती. सुभेदारांच्या चेहऱ्यावर ते मला चांगलं ओळखीचं असलेलं हसू आलं. आता तिसरीही तिथंच बसवायची होती. त्यांनी पुन्हा डोळा लावला, पुन्हा वाफ. मग त्यांनी अंगठ्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

मी “सुभेदार, चष्मा” म्हणालो. म्हणालो असं मला वाटतं. कानात कापूस होता आणि त्यांच्याही कानांवर आवाज अडवणारे मफ होते.

आवाज नेहमीसारखा नव्हता. मला तो दोनदा झाल्यासारखा वाटला, एक पुढे आणि एक मागे. त्यांची टोपी उडून माझ्या पायाशी पडली. काडतुसाचं बूड फुटलं होतं, असं नंतर कळलं. ज्या जाळानं पुढे जायचं तो बोल्टच्या फटीतून मागे आला होता. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की सुभेदारांच्या चेहऱ्यावर काळे ठिपके उठलेत आणि उजव्या भुवईतून रक्त खाली येतंय. ते ओरडले नाहीत. रायफल त्यांनी हातातून टाकलीही नाही. चाचपडत ती पिशव्यांवर नीट ठेवली, नळीचं तोंड बांधाकडे आहे ना हे हातानं बघितलं आणि मग माझ्या दिशेनं मान वळवली.

“पुणेकर,” ते म्हणाले, “दिवस आहे ना?”

समोर ऊन असं पेटलेलं होतं की वाळूकडे बघवत नव्हतं. मला “हो” हा एवढासा शब्द बोलता आला नाही. पाहुणे “या अल्ला, या अल्ला” करत गाडीकडे धावले. सुभेदार वाट बघत बसले, आणि मी काहीच बोलत नाही यावरून त्यांना काय ते कळलं.

इस्पितळात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, पट्टी निघाल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पट्टी होती तितके दिवस मी डॉक्टरांच्या मागे मागे फिरत होतो, आणि हा माणूस पलंगावर बसून मल्याळी नर्सला मराठी शिव्यांचे सौम्य प्रकार शिकवत होता. गावाहून बायकोचा फोन आला की सांगायचा, “डोळे आलेत, बाकी काय नाय.” माझ्या बायकोनं केलेली भाकरी आणि ठेचा हातानं चाचपून खायचा. एकदा माझी मुलगी बरोबर आली होती. ती दारातच थांबून कुजबुजली, “बाबा, कॅन ही सी अस?”

“येस, येस,” पट्टीतूनच उत्तर आलं, “यू आर लुकिंग व्हेरी ब्युटिफुल.”

ती हसली. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

पट्टी काढली त्या दिवशी मी आणि अरबाब दोघंही हजर होतो. डॉक्टरांनी डावा डोळा आधीच तपासलेला असल्यानं गुपित फुटलं होतं. सुभेदारांनी उजवी पापणी हळूहळू उघडली. डोळा लाल होता. बराच वेळ तो इकडेतिकडे फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला.

“पुणेकर,” ते म्हणाले, “तुमचं टक्कल वाढलंय.”

मी रडलो, याची मला आजही लाज वाटत नाही. अरबाबनं वॉर्डभर मिठाई वाटली. डॉक्टर म्हणाले, नजर शाबूत आहे, पूर्वीइतकीच. अरबाब म्हणाला, “एक आँख, दो आँख, मुझे क्या? नेम लगना चाहिए.” मराठी ‘नेम’ हा शब्द तो सुभेदारांकडूनच शिकला होता. सगळं निभावलं, असं आम्ही सगळे समजलो. तुम्हीही तसंच समजला असता.

सुभेदार त्यानंतर दुकानात फार दिवस राहिले नाहीत. थंडी पडायच्या आत कायमचे गावी गेले. का गेले, हे दुकानात कोणाला पटलं नाही. डोळा चांगला, नोकरी शाबूत, अरबाब राजी. मला माहीत आहे, कारण बरे झाल्यावर पहिल्या चाचणीला त्यांच्याबरोबर मीच होतो.

रायफल डिकीतून नेली होती. चष्मा स्वच्छ होता, घट्ट बसवलेला होता. पहिली गोळी टार्गेटच्या खाली वाळूत गेली. दुसरी त्याहून खाली. सुभेदारांनी पिशव्या बदलल्या, दुर्बिणीचे स्क्रू तपासले, रायफलीला दोष दिला. तिसरी गोळी वाळूत गेल्यावर त्यांनी रायफल पिशव्यांवर ठेवली. मग म्हणाले, “रंगरूट असं करतात.”

“कसं?”

“दणक्याला भेतात. घोडा दाबायच्या आधी डोळा मिटतात, मग नळी खाली जाते. त्यांना ते कळत बी नाय. आम्ही मग त्यांना न सांगता खोटं काडतूस भरून द्यायचो. दारू नसलेलं. बार होत नाय, आन् नळी गचकन खाली गेलेली सगळ्यांना दिसते.” त्यांनी खिशातून तसलं एक काडतूस काढून माझ्या हातात दिलं. “मी तोंड फिरवतो. तुम्ही भरा. खरं का खोटं, सांगू नका.”

मी खोटं भरलं. ते बसले, श्वास धरला, घोडा दाबला. नुसता टक असा आवाज आला आणि नळीनं गचका खाल्ला. त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं. मी पुन्हा तेच भरलं, आणि पुन्हा तेच झालं.

मग त्यांनी स्वतः बोल्ट मागे ओढला. ते खोटं काडतूस बाहेर पडलं, ते उचलून माझ्याकडे दिलं. आत बोट घालून बघितलं, मलाही बघायला लावलं.

“रिकामी?”

“रिकामी,” मी म्हणालो.

“माझ्या डोळ्याकडे बघा. टार्गेटकडे नको.”

मी त्यांच्या उजव्या बाजूला वाकून उभा राहिलो. चष्म्याच्या कडेतून डोळा स्पष्ट दिसत होता. लाली कधीच गेली होती, स्वच्छ, चांगला डोळा होता. रायफलीत काहीही नाही हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, त्यांच्या बोटालाही माहीत होतं. बोट हळूहळू घोड्यावर आवळत गेलं. आणि टक आवाज यायच्या आधी तो डोळा असा गच्च मिटला की कपाळापासून गालापर्यंत सगळा चेहरा आवळला गेला. इतक्या वर्षांत मी तिथं पुष्कळ आवाज ऐकले होते, पण इतका हादरा मला कशानंच बसला नव्हता.

“मिटला का ओ?” त्यांनी डोळा न उघडताच विचारलं.