नऊ वर्षांचं बाड

"पण ते बाड विम्याच्या माणसाला दाखवायला सांगितलं होतं कुणी?"

"त्यानं कागद मागितले, मी कागद दिले."

"अहो, त्यानं शेवटचे दोन रिपोर्ट मागितले होते! तुम्ही नऊ वर्षं दिलीत. अनुक्रमणिकेसकट!"

बाड टेबलावर पडलं होतं. काळं कापड, गोल पाठ, पाठीवर सोनेरी अक्षरांत 'हृदय'. तिचा नवरा पुस्तकांचा बाइंडर. सुटा कागद दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. हृदयाची झडप बदलली तेव्हापासूनची एकूण एक चिठ्ठी त्यानं तारीखवार लावून शिवली होती. विम्याचा माणूस पानं उलटत राहिला, "काम सुरेख आहे" म्हणाला, आणि चौथ्या दिवशी नकार आला.

"डॉक्टरांच्या हातच्या चिठ्ठ्या तरी तशाच ठेवायच्यास," सासूबाई म्हणाल्या, "त्या कुणाच्या बापाला वाचता येत नाहीत."

"त्या मी समोरच्या पानावर स्वच्छ अक्षरात उतरवल्यात," तो म्हणाला.

हसावं की डोकं आपटावं, तिला कळेना. दोन रिपोर्ट दिले असते तरी त्यांतही झडप होतीच, हे तिला ठाऊक होतं. पण रागाला कुठेतरी टेकायला जागा लागते.

घरमालकानं घर विकायला काढलं होतं. खाली बाइंडिंगचा गाळा, वर तीन खोल्या. महिनाअखेरपर्यंत तुम्ही घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, म्हणाला. बँकेचं म्हणणं, दोघांच्या नावानं कर्ज हवं तर दोघांचाही विमा हवा. गाळा गेला की नवऱ्याचं काम गेलं. नव्या जागी नव्यानं धंदा मांडायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं, आणि रिकाम्या हातांनी तो कसा बसतो ते तिनं ऑपरेशननंतरच्या चार महिन्यांत पाहिलं होतं.

"सगळी चूक माझ्या दुखण्याची," तो पुटपुटला.

"झालं सुरू," ती म्हणाली.

ती बस आगारात फेऱ्या लावायची. वीस वर्षं तेच काम. सकाळी गाडी बंद पडली की सगळे तिच्या खिडकीशी येऊन बोंब मारत. बोंब मारून गाडी सुरू होत नाही. ती बंद गाडीच्या आकड्यावर काट मारायची आणि उरलेल्या गाड्यांत फेऱ्या बसवायची. आजही जेवणाच्या सुट्टीत तिनं दोन फोन केले होते, एक बँकेला, एक घरमालकाला. मग घरी येऊन भांडली होती. भांडण राहून गेलं असतं तर पोटात दुखलं असतं.

विमा कंपनीनं नाकारलेला अर्ज तिनं उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर गाळ्याचा चौकोन काढला. दाराशी यंत्र, मागे मोरी, मध्ये पडदा.

"हे काय?" सासूबाई वाकल्या. "मी झोपू कुठे? कागद दाबायच्या यंत्राखाली?"

"गुडघे तरी सरळ होतील," नवरा म्हणाला. मग चौकोनाकडे बघत हळूच, "खरेदीच्या कागदावर माझं नाव नसणार?"

"दुकानाच्या पाटीवर आहे ना."

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"कर्ज माझ्या एकटीच्या नावावर, विमाही माझाच. माझ्या पगारात गाळा बसतो, वरच्या खोल्या बसत नाहीत. त्या सोडायच्या, राहायचं गाळ्यातच; घरमालक नुसता गाळा विकायला तयार आहे. आई, तुमची खाट खिडकीशी. सोमवारी सही आहे."