पुलापर्यंत सोडणं

स्वेलडेलच्या खोऱ्यात हेस्टर अल्डरसनचं छोटंसं घर कागदाच्या कपट्यांनी भरलं होतं. मोठा इंग्रजी शब्दकोश तयार होत होता आणि संपादकांनी 'सेट' हा शब्द तिच्या गळ्यात मारला होता. तीन वर्षं ती पुस्तकांतली वाक्यं कपट्यांवर उतरवून एकेका अर्थाचा गठ्ठा बांधत होती. सूर्य मावळतो तो सेट, मोडलेलं हाड बसवतात तो सेट, कोंबडी अंड्यांवर बसवतात तोही सेट. बटाटे लावणं, मुरंबा घट्ट होणं, टेबल मांडणं, सगळीकडे हाच. मूर्ती लहान पण कीर्ती महान! एकशे बासष्ट गठ्ठे झाले होते आणि बाई खुशीत होती.

घोडं अडलं होतं एकाच अर्थापाशी. त्या खोऱ्यात निघालेल्या पाहुण्याला अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला जायचं, त्यालाही सेटच म्हणत. मग पाहुण्याला राहवत नसे; तो यजमानाला सोडायला उलटा निघे. लग्नाआधी अ‍ॅमॉस तिला असाच पुलापर्यंत सोडायचा, ती त्याला परत सोडायची, आणि जोडे दोघांचे झिजायचे. अ‍ॅमॉस जाऊन नऊ वर्षं झाली होती. हा अर्थ कोशात आला नाही, तर त्या चालण्याला पुढे कुणी ओळखणार नाही, असं तिला मनापासून वाटे. पण संपादकांनी कळवलं होतं की बोलण्यातलं चालणार नाही, लेखी पुरावा हवा, आणि कपट्यांची खोकी शुक्रवारी निघायला हवीत.

तिने चर्चचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं पालथी घातली. एक ओळ मिळेल तर शपथ. गुरुवारी पुलापलीकडची मैत्रीण मॉड चहाला आली. तिने सुचवलं, छापखान्यात एक ओळ छापून घे, कोण बघतंय? हेस्टरने साफ नकार दिला. खोटा साक्षीदार उभा करणारी बाई ती नव्हेच.

"मग अ‍ॅमॉसनं कधी काही लिहिलं नाही तुला?" मॉडने विचारलं.

हेस्टर कानापर्यंत लाल झाली. डरहॅमच्या खाणीवरून त्याने एकच पत्र लिहिलं होतं. त्यात हाच सेट होता. ते बायबलमध्ये होतं, आणि इतके दिवस तिने मुद्दाम तिकडे पाहिलं नव्हतं.

"ते माझं आहे गं. अख्खा देश वाचेल."

"वाचू दे की. चाळीस वर्षं एकटीनं वाचलंस, पोट नाही भरलं?"

हेस्टरने बायबल उघडून पत्र काढलं. मग तिने कोरा कपटा घेतला आणि सावकाश उतरवलं: 'आलो की तुला पुलापर्यंत सोडीन. पण या खेपेला पूल ओलांडू नकोस, माझ्याबरोबर माघारी चल.' खाली, जिथे एरवी ती मोठमोठ्या कवींची नावं लिही, तिथे लिहिलं: अ‍ॅमॉस अल्डरसन, खाणकामगार, पत्र, १८६९.

एकाच कपट्याचा गठ्ठा, पण तिने त्यालाही दोरी बांधली.

मॉडने शाल घेतली. हेस्टरनेही आपली घेतली.

"थांब, पुलापर्यंत येते," ती म्हणाली.

पुलावर पोचल्यावर मॉड हेस्टरला सोडायला परत फिरली.