साडेबाराच्या आत स्ट्रासबर्ग

वाल्डॉर्फ-हायडेलबर्गकडच्या आमच्या मराठी मंडळींत कुणाचे आईवडील आले, की तिसऱ्या-चौथ्या शनिवारी त्यांना स्ट्रासबर्गला न्यायचं हे ठरलेलंच असतं. गाडीने दीड तासात फ्रान्स! जर्मनी बघायला आलेल्यांना आणखी एक देश दाखवून होतो आणि गावाकडे पाठवायला फोटोही मिळतात. तिथून येताना कुणी छत्री विसरतं, कुणी चष्मा विसरतं, पण किस्सा विसरून आलेलं अजून कुणी नाही.

हे किस्से माझ्याच स्वयंपाकघरात येऊन साठतात, कारण मी घरी असते आणि चहा करते. आता नव्याने आलेल्या मुली मला फोन करतात, ‘लताकाकू, स्ट्रासबर्गला पहिल्यांदाच जातोय, काय काय लक्षात ठेवू?’ मी बारावी शिकलेली, फ्रेंचचं एक अक्षर मला येत नाही. पण चुका सगळ्या पाठ आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त आमच्याच घरच्या आहेत, आणि त्या एका घड्याळापायी झाल्या.

मागच्या उन्हाळ्यात यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, तीन महिने आमच्याकडे आल्या होत्या. कराडला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या सासऱ्यांची नजर अधू झाली तेव्हा बाविसाव्या वर्षी त्या दुकानात बसल्या, त्या अजून उठलेल्या नाहीत. यांचं इंजिनिअरिंग त्याच दुकानावर झालं. इतक्या वर्षांत त्यांनी भावाकडे काही मागितलं नव्हतं. या वेळी एकच मागितलं.

स्ट्रासबर्गच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये एक जुनं घड्याळ आहे, पाच-सहा मजली घराएवढं उंच. दुपारी साडेबाराला त्यातले पुतळे फिरतात, वर बसलेला कोंबडा आरवतो. सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याने दिलेल्या कॅलेंडरवर त्याचं चित्र होतं. वर्ष संपलं तरी वन्संनी ते चित्र दुकानातून काढलं नाही.

‘ते चालू असताना एकदा तिथं जायचंय,’ एवढंच त्या म्हणाल्या. दीड तासाचं गाव. आम्हाला वाटलं, यात काय अवघड आहे?

*

पहिला सल्ला पासपोर्टचा.

लुडविग्सहाफेनला केमिस्ट असलेली माझी मैत्रीण मृणाल तिच्या सासूसासऱ्यांना नेणार होती. गाडी मोठी होती, म्हणून मी आणि वन्सं त्यांच्याबरोबर निघालो. सीमेवर तपासणी कधी असते, कधी नसते. त्या दिवशी होती. सीमेवरच्या नदीच्या पुलाजवळ फ्रेंच पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली.

मृणालचे सासरे, अण्णा, हे नाशिकचे. अतिशय व्यवस्थित माणूस. त्यांनी खिशातून स्वतःचा आणि मृणालच्या सासूबाईंचा पासपोर्ट काढून दिला, म्हणजे पासपोर्टची रंगीत झेरॉक्स, लॅमिनेट केलेली! वर, व्हिसाच्या पानाचं लॅमिनेशन वेगळं.

पोलिसाने ते उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरलं, बोटाने वाजवलं. मग जर्मनमध्ये मृणालला म्हणाला, की काम फार सुंदर केलंय, आता पासपोर्ट दाखवा.

अण्णा शांतपणे म्हणाले, ‘त्यांना सांग, ओरिजिनल प्रवासात खराब होतं. ते घरी स्टीलच्या डब्यात आहे.’

मृणालने हे भाषांतर केलं नाही. तिने गाडी वळवली.

आमचे दोघींचे खरे पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होते. ‘आम्हाला इथंच उतरव, आम्ही ट्रामने जाऊ’ असं मी म्हणू शकले असते. पण यांच्याशिवाय किंवा मृणालशिवाय परक्या देशात पाऊल टाकायचं माझ्या मनातही आलं नाही.  वाल्डॉर्फ आल्यावर वन्सं फक्त म्हणाल्या, ‘लॅमिनेशनला एकसुद्धा बुडबुडा नव्हता हो.’

*

अण्णांनी या प्रसंगापासून धडा घेतला, तो जरा जास्तच घेतला. पुढच्या वेळी ते खरा पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवूनच गेले. वन्संना नेमका त्या दिवशी सर्दीताप, म्हणून आम्ही दोघी घरी राहिलो. पण मृणालने येऊन सगळं सांगितलं. ट्राममध्ये कुणी नुसतं वळून पाहिलं तरी अण्णा पासपोर्ट पुढे करत होते. रेस्टॉरंटमध्ये वेटरने अण्णांना मेनू दिला, अण्णांनी वेटरला पासपोर्ट दिला!

त्याने तो शेवटपर्यंत वाचला म्हणे.

*

यानंतर यांनी सूत्रं हातात घेतली. सॉफ्टवेअरमधला माणूस. लॅपटॉपवर एक्सेलमध्ये तक्ता केला. केलमध्ये, म्हणजे पुलाच्या अलीकडच्या जर्मन गावात, गाडी ठेवायची आणि ट्रामने पूल ओलांडायचा. हे खरंच लक्षात ठेवा. स्ट्रासबर्गच्या जुन्या भागात गाडी घालण्यात काही अर्थ नाही. तक्त्यात थर्मास भरायची वेळ होती, वन्संच्या गुडघ्यांसाठी दर अर्ध्या तासाला बाकावर बसायची सोय होती, आणि साडेबाराच्या चौकटीत पिवळ्या रंगात ‘घड्याळ’ लिहिलेलं होतं.

आम्ही बरोब्बर बारा वाजता कॅथेड्रलसमोर उभे. आतून ऑर्गनचे सूर येत होते. दारातल्या बाईंनी सांगितलं, आज प्रार्थना आहे, घड्याळाचा कार्यक्रम आज बघायला मिळणार नाही, उद्या या.

हे म्हणाले, असं कसं, मी सगळं बघून ठरवलंय.

वन्संनी तो तक्ता हातात घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला. ‘प्रकाश, यात सगळं आहे रे. फक्त वार नाही.’

रविवार होता. देवळात जायचं तर आधी वार बघावा, हे आम्हाला फ्रान्समध्ये जाऊन शिकावं लागलं.

*

त्याच दिवशीचा आणखी एक. हे वैतागून एका बेकरीत शिरले आणि काउंटरवर जाऊन इंग्रजीत दोन कॉफी मागितल्या. काउंटरवरच्या बाई पाव रचत राहिल्या. यांनी पुन्हा मागितल्या, आवाज चढवून. बाईंनी टोपली सरळ केली.

वन्सं पुढे झाल्या. त्यांनी हात जोडले, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘नमस्कार.’

बाई वळल्या, हसल्या, ‘बोंजूर मादाम’ म्हणाल्या. मग वन्संनी कॉफीच्या यंत्राकडे बोट करून दोन बोटं दाखवली. दोन कॉफी आल्या, बरोबर दोन छोटी बिस्किटंही आली. ही बिस्किटं तक्त्यात नव्हती!

यांना फार आश्चर्य वाटलं. वन्संना मुळीच नाही. म्हणाल्या, ‘दुकानात शिरल्यावर आधी माणसाशी बोलावं, मग मालाशी. माझ्याकडे न बोलता काउंटरवर घड्याळ टाकणारे असतात ना, त्यांचं घड्याळ मी सगळ्यात शेवटी उघडते.’

म्हणून मी सगळ्यांना सांगते, फ्रेंच नाही आलं तरी चालेल, ‘बोंजूर’ आधी म्हणा. दुकानात, ट्राममध्ये, पोलिसाला, सगळ्यांना.

*

जेवणाचं मात्र आमचं कधीच जमलं नाही. आपण दोन-अडीचला भूक लागली की हॉटेल शोधायला लागतो, आणि तिथं तोपर्यंत पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. बाराला बसावं, उशिरात उशिरा एकला. हे त्या रविवारी चार दारं फिरले आणि शेवटी नदीकाठी आम्ही माझी थालीपीठंच उघडली. हे घास घेता घेता बोलत होते, की भर दुपारी धंदा बंद ठेवणारी ही कसली माणसं.

वन्संनी लोणचं वाढत विचारलं, ‘माझं दुकान एक ते चार बंद असतं, तेव्हा तू असं बोलतोस का माझ्यामागे?’

यांनी पुढचं थालीपीठ घेतलं.

*

मग दिवस भराभर गेले. यांच्या ऑफिसात कसलंसं मोठं काम निघालं, रजा मिळेना. मृणाल कॉन्फरन्सला गेली. वन्संचं विमान शुक्रवारचं आणि मंगळवारी संध्याकाळी त्या बॅग भरायला बसल्या. तक्रार नाही, काही नाही. साड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या घड्या बघवेनात मला.

मी म्हटलं, ‘वन्सं, उद्या आपण जाऊ.’

हे जेवत होते, ते थांबले. ‘तू? एकटी?’

‘एकटी कशी? वन्सं आहेत ना.’

मला इथं येऊन सतरा वर्षं झाली. तोवर मी हायडेलबर्गच्या पलीकडे एकटी गेले नव्हते. तिकीट हे काढायचे, गाडी हे चालवायचे, कुणाशी बोलायचं तर हे किंवा मृणाल. बुधवारी पहाटे उठून मी कागदावर सगळं लिहिलं, कुठली गाडी, कुठला प्लॅटफॉर्म, कुठे बदलायचं. कार्ल्सरूहला आम्ही गाडी बदलली, पुढे आणखी एकदा बदलली. केलला पोचलो तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी वन्संचा हात धरून त्यांना ट्रामच्या थांब्यापर्यंत अक्षरशः ओढत नेलं. तिकिटं काढली. ट्राममध्ये बसलो. आली समोर तिकीट तपासनीस!

इथं आणखी एक सल्ला. त्या ट्रामचं कागदी तिकीट चढण्याआधी थांब्यावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर छाप घ्यायचा असतो. तो मी घेतला नव्हता. तिकिटं होती, पण कोरी.  वन्संनी शांतपणे ‘बोंजूर’ म्हटलं. मीही म्हटलं. मग माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, चूक माझी आहे, मला माहीत नव्हतं, घरून पहिल्यांदाच एकटी निघाले आहे.

ती बाई माझ्याच वयाची होती. तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, त्यावर मराठीत लिहिलेल्या वेळांकडे पाहिलं. दंड केला नाही. पण पुढच्या थांब्यावर खाली उतरवलं, मशीनपाशी नेलं आणि दोन्ही तिकिटांवर माझ्याच हाताने छाप घ्यायला लावला. तोवर ट्राम गेली. दुसरी येईपर्यंत बारा वाजून गेले.

*

कॅथेड्रलच्या बाजूच्या दाराशी आम्ही पोचलो तेव्हा बारा वीस झाले होते. घड्याळ बघायचं तर बाराच्या आधीच तिकीट काढून आत बसावं लागतं. दाराला जाड दोरी लावलेली, आत गर्दी, आणि दोरीपाशी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. त्यांनी आम्हाला पाहून नुसती मान हलवली. भरलं. संपलं.

वन्सं म्हणाल्या, ‘चल लता. बाहेरून देऊळ तर बघितलं.’

मी मागे वळून पाहिलं. सवयच. मागे हे नव्हते, मृणाल नव्हती.

मी त्या गृहस्थांसमोर जाऊन ‘बोंजूर’ म्हटलं. मग जर्मन सुरू केलं, कारण त्या भागातल्या वयस्कर माणसांना जर्मन समजतं असं मृणाल सांगायची. म्हटलं, ‘ही माझ्या नवऱ्याची बहीण. हिने चव्वेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. भारतात हिचं दुकान आहे. आम्ही आधी दोनदा आलो, दोन्ही वेळा चूक आमचीच होती. परवा ती परत जाणार आहे.’

व्याकरण सगळं चुकलं असणार. पण एक शब्द मी घरून पाठ करून आले होते. ‘ऊरमाखेरिन.’ घड्याळ दुरुस्त करणारी बाई.

त्यांनी वन्संकडे पाहिलं. त्यांच्या हातांकडे पाहिलं. ‘ऊरमाखेरिन?’ म्हणाले. वन्संना शब्द कळला नसावा, पण त्यांनी मान डोलावली.

दोरी सुटली! त्यांनी गर्दीतून वाट काढत आम्हाला पुढे नेलं आणि अगदी घड्याळासमोर, खांबाशेजारच्या त्यांच्या स्वतःच्या बाकावर बसवलं.

एकाच वेळी दोनशे-तीनशे फोन वर गेले. वर पुतळे हलायला लागले, एकेक जण पुढे येत होता, वाकत होता, जात होता. कोंबड्याने पंख फडफडवले आणि तो आरवला. लोक हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं! मी वन्संकडे पाहिलं.

त्यांचे डोळे मिटलेले.

मला वाटलं, पहाटेपासूनच्या धावपळीने डुलकी लागली. तीन महिने, तीन फेऱ्या, आणि ही बाई नेमकी आता झोपली! मी कोपर मारलं. त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून. मी पुन्हा हळूच म्हटलं, ‘वन्सं, अहो बघा ना, संपेल.’ बोट तसंच वर. कोंबडा तीनदा आरवला, शेवटचा पुतळा आत गेला, लोकांनी फोन खाली घेतले आणि दाराकडे निघाले. मग वन्संनी डोळे उघडले.

‘तुम्ही बघितलंच नाही,’ मी म्हटलं. मला रडूच यायला लागलं होतं.

‘बघायला काय, चित्र इतकी वर्षं भिंतीवर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘चित्रात आवाज येत नाही.’

मिशीवाले गृहस्थ शेजारीच उभे होते. त्यांनी मला विचारलं, की त्या काय म्हणाल्या. मी एकेक शब्द जुळवत जर्मनमध्ये सांगितलं.

ते दाराकडे गेले, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत थांबले आणि दोरी परत लावली. आम्ही आतच होतो, आणि आता फक्त घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग ते सावकाश चालत आले, वन्संच्या शेजारी बाकावर बसले आणि त्यांनीही डोळे मिटून घेतले.