चष्मेवाल्याचा निकाल आणायला: कळंब, ढोकी, तेर

कुणी देवाला जातं, कुणी सोयरीक जुळवायला जातं. आम्ही तिघं बाप्ये कळंबहून भाकरी बांधून निघालो ते एका परदेशी गड्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं का, आणि पोचून त्याचं पुढं काय झालं, एवढंच बघायला. अंतर म्हणाल तर आजची पोरं मोटारसायकलवर सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतील. आम्हाला दोन दिवस लागले. ज्यांना ढोकी-तेरकडं एखादी चक्कर मारायची असेल त्यांच्यासाठी वाटेची माहिती सांगत जाईन. बाकीच्यांनी नुसती गंमत म्हणून वाचावं.

बहात्तरच्या दुष्काळाचं शेपूट चालू होतं. मी तेव्हा कळंबच्या आडत बाजारात मापाडी. माप घ्यायचं ते धान्याचं, आणि बाजारात धान्य नव्हतं. किसनआबांची पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फिरायचा तो रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीपुरता. शेजारी गफूरभाईंचं सायकलचं दुकान. आता सायकल पंक्चर व्हायची तर ती घेऊन माणसानं कुठंतरी जायला पाहिजे, आणि जायला कुणाला कारणच नव्हतं. अशी आम्हा तिघांना बक्कळ सवड, आणि गिरणीच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट.

त्या ओट्यावर भिंतीला लागून रिकाम्या पोत्यांची एक गादी होती. जिंकणारा तिच्यावर बसायचा, हरणारा उठून जायचा. आबा कित्येक वर्षांत उठले नव्हते. गफूरभाई रोज समोर बसायचे, रोज हरायचे आणि रोज म्हणायचे, "उद्या बघतो तुमाला." त्या साली आबांची जनावरं छावणीत, रान उघडं, गिरणी अर्धी बंद. आपलं म्हणावं असं त्यांच्याकडं काय उरलं होतं तर ती गादी.

परदेशात तेव्हा बुद्धिबळाची एक मोठी स्पर्धा चालली होती. जगातले निवडक खेळाडू, आणि त्यातले पहिले तिघंच पुढच्या फेरीत जाणार. पुढं त्यातूनच एकजण जगज्जेत्याला आव्हान देणार. चौथ्याच्या नशिबी घरची वाट. आमचा मराठी पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, त्यात कोपऱ्यात गुणांची बातमी आणि कधीमधी पटाचं चित्र. नावं काही आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्हीच बारसं केलं: टकल्या, दाढीवाला, पाटील (हा फोटोत फार ऐटीत बसायचा) आणि चष्मेवाला. चष्मेवाला गफूरभाईंचा लाडका. सुरवातीचे डाव हरून मग एकेकाला लोळवत वर आलेला.

शेवटच्या फेरीचं चित्र छापून आलं. टकल्या आणि पाटील पुढं गेले होते. तिसऱ्या जागेसाठी चष्मेवाल्याला डाव जिंकायलाच हवा होता. बरोबरी झाली की अर्ध्या गुणानं दाढीवाला आत, हा बाहेर. आणि ऐन मोक्याला डाव तहकूब. राहिलेला दुसऱ्या दिवशी खेळणार.

आबांनी चित्रावरून पट मांडला. राजे, मूठभर प्यादी, आणि चष्मेवाल्याचं एक पांढरं प्यादं घोड्याच्या पट्टीतून सुसाट निघालेलं. आबांनी दुपारभर मिशी ओढली आणि निकाल दिला.

"बरोबरी. ह्याचं प्यादं पोचणार, न्हाय कोण म्हणतंय? पर पोचणार ते घोड्याच्या घरात. म्हंजे त्याचा घोडा हुणार. तवर बाकीची प्यादी मरत्यात. नुसत्या घोड्यानं मात हुती व्हय?"

यात कुणाला शंका घ्यायला जागाच नव्हती. प्यादं ज्याच्या घरात पोचतं तो मोहरा होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. हे आम्हाला आजोबा-पणजोबांकडून आलेलं.

गफूरभाई मात्र अडून बसले. "तो जिंकणार, आबा."

"कसा?"

"कसा ते मला काय ठावं? त्याचं तोंड बघा की फोटोतलं."

"तोंडानं खेळत्यात का रं बुद्धिबळ?"

"मग तुमी काय मिशीनं खेळता?"

ओट्यावरची माणसं खो खो हसली, आणि तिथंच घात झाला. आबा ताडकन म्हणाले, "ऐक गफूर. चष्मेवाला जिंकला तर ही गादी तुझी. मी पुन्हा हिच्यावर बसणार न्हाय."

हसणं बंद झालं. आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. पाण्याच्या टँकरची बातमी होती, चाऱ्याची होती, पुढाऱ्यांच्या दौऱ्याची होती. चष्मेवाल्याची नव्हती. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी गफूरभाईंनीच तोड काढली. "ढोकीला कारखान्यावर इंग्रजी पेपर येतो म्हणतात. जाऊन यायचं का?" आबांनी हो-ना न करता धोतर बदललं.

सकाळच्या एसटीत बसलो. तिकीट तेव्हा चहा-भज्याच्या खर्चाइतकंच, पण चहा-भजी तरी कुठं रोज परवडत होती! रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुष्काळी कामं. बाया-माणसं खडी फोडत बसलेली, डोक्यावर ओल्या फडक्याच्या घड्या. कंडक्टर मोठा चौकस माणूस होता.

"ढोकीला काय काम काढलं, पाहुणं? कारखान्यावर भरती न्हाय सध्या."

"काम नको," गफूरभाई म्हणाले, "निकाल बघायला चाललोय."

"पोराचा का?"

"हौ, पोरासारखाच है. तिसऱ्या नंबरात येतो का बघायचं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "येईल बाबा, येईल. शिकू द्या लेकराला. शेतात काय ठिवलंय आता?" मग साऱ्या एसटीनं त्या लेकराला आशीर्वाद दिला. आबा खिडकीबाहेर बघत बसले. सगळी गाडी आपल्या विरुद्ध आहे हे त्यांना दिसतच होतं.

ढोकीला उतरलं की आधी कारखान्याचं धुराडं दिसतं. ऐन हंगामात इथं उसाच्या गाड्यांतून वाट काढावी लागायची आणि मळीच्या वासानं डोकं भणाणायचं. त्या साली ऊसच नव्हता. गाडीतळावर बैलांच्या जागी कुत्री झोपली होती. कामगारांच्या वाचनालयात मात्र पंखा होता आणि त्याच्याखाली एक हसतमुख गृहस्थ बसले होते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"बुद्धिबळाचं पान व्हय? शिळं झालं की ते तेरला जातं. तिथल्या शाळेतल्या बाईंना त्याचा भारी नाद. आठवड्याचे पेपर साठवून देतो आम्ही त्यांना. परवाच नेले."

"आणि तुम्ही वाचलं न्हाय?" आबांनी विचारलं.

"मी आपला क्रिकेटवाला."

आबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्या गृहस्थांनी आम्हाला न मागता चहा पाजला, गुळाचा.

मुक्काम गफूरभाईंच्या मावसभावाकडं केला. सकाळी स्टेशनबाहेर सुशीला खाल्ला. बाहेरच्या वाचकांनी बिचकू नये; सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना मिरची-शेंगदाण्याची फोडणी. ढोकी-लातूरकडं आलात आणि हा न खाता गेलात तर येणं वाया. मग तेरची गाडी धरली. तेव्हा तिथं छोट्या रुळांची गाडी होती, एवढी सावकाश की चालत्या गाडीतून उतरावं, बाभळीची काडी मोडावी, आणि दात घासत पुन्हा चढावं. गफूरभाईंनी हे करून दाखवलं.

ते खाली असताना आबा हळूच मला म्हणाले, "बळीराम, एकट्या घोड्यानं मात हुती का रं?"

"न्हाय हुत, आबा."

"मग मी कशापायी भ्यालोय?"

मी त्यांना शेंगदाणे दिले.

तेर मोठं जुनं गाव. विटांचं प्राचीन देऊळ आहे ते चुकवू नका, आणि रानातून चालताना पायाखाली बघत चला. नांगराच्या तासातसुद्धा जुन्या काळचे मणी निघतात. आम्ही गेलो तेव्हा तेरणा नदी म्हणजे नुसती वाळू. बायका त्या वाळूत झरे खणून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. त्यातल्याच एकीनं बाईंचं घर दाखवलं, बौद्धवस्तीत, लिंबाच्या सावलीला. बाई तिशीच्या असतील. रविवार होता. आम्ही कशाला आलो ते ऐकल्यावर त्यांनी हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "निकाल नुसता सांगू, का खेळून दाखवू?"

"खेळूनच दावा," आबा म्हणाले. "पाप-पुण्याचा हिशोब डोळ्यांदेखत बरा."

बाईंचा भाऊ फौजेत होता, त्यानं त्यांना हा खेळ शिकवलेला. त्यांनी पट मांडला. काळ्याकडून आबा बसले. बाई कात्रणातून वाचत, दोन्हीकडच्या चाली सांगत. गंमत अशी की काळ्याची चाल बाईंनी वाचायच्या आधीच आबांचा हात त्या मोहऱ्यावर गेलेला असायचा. बाईंनी एकदा मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. सगळं आबा म्हणाले तसंच घडत गेलं. प्यादी मेली. पांढरं प्यादं निघालं ते थेट घोड्याच्या घरात जाऊन उभं राहिलं.

आबांनी सुटकेचा श्वास सोडला, कडेला पडलेला पांढरा घोडा उचलला आणि मोठ्या अदबीनं बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो खाली ठेवला, आणि प्याद्याच्या जागी वजीर मांडला.

"चुकून वजीर घेतला, बाई."

"चूक नाही, आबा. त्यांच्यात प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी हवा तो मोहरा घेता येतो."

"कुठल्याबी घरात?" गफूरभाई पुढं सरकले.

"कुठल्याही."

"मग सगळेच वजीर घेत असतील की! घोडा व्हायला कोण मरतो?"

"लई उधळी माणसं," आबा पुटपुटले. मग पटाकडं बघतच राहिले. दोनचार चालींत काळा राजा कोपऱ्यात सापडला. चष्मेवाला तिसऱ्या जागेवरून पुढच्या फेरीत गेला होता.

मला वाटलं, गफूरभाई आता नाचतील. इतकी वर्षं ज्या गादीसाठी झुरले, ती मिळाली होती. तर हा बाबा बाईंवरच घसरला. "हे बेइमानीचं है, बाई! घोड्याच्या घरात वजीर? उद्या म्हशीच्या गोठ्यात हत्ती बांधतील!"

बाई हसल्या. त्यांनी वजीर उचलून घोडा ठेवला. "आबा, आता आपल्या रीतीनं खेळू. मी जिंकायला बघते." त्यांनी खूप खटपट केली. पण आबांचा राजा असा फिरला की घोडा नुसता उड्या मारत राहिला. "बरोबरीच," बाई म्हणाल्या. "आपल्या नियमानं तुमचं गणित पक्कं होतं."

"झालं तर!" गफूरभाईंनी मांडीवर थाप मारली. "शर्त रद्द."

"मी काय म्हणलो हुतो?" आबांनी शांतपणे विचारलं. "चष्मेवाला जिंकला तर. जिंकला का?"

"हौ, पण..."

"मग झालं." आणि बाईंकडं वळून म्हणाले, "त्यांची रीत समदी सांगता का मला? गाडीला वेळ हाय."

प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जातं हे त्यांना पटलं नाही, "एवढी घाई कशाला?" राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलून राजा कोपऱ्यात लपतो हे मात्र आवडलं. "दुष्काळात राजानं असंच गप बसावं."

कळंबच्या स्टँडवर अर्धा बाजार वाट बघत होता. एसटीच्या पायरीवरूनच गफूरभाई ओरडले, "बरोबरी! आबा म्हणले तसंच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आबा मागून उतरले. "खोटं बोलतोय त्यो. चष्मेवाला जिंकला. गादी गफूरची."

गिरणीवर आल्यावर आबा ओट्याच्या खाली, मातीत बसले. सगळे गफूरभाईंकडं बघायला लागले. गफूरभाईंनी गादी झटकली, जरा थापटली आणि पट उचलून आबांच्या समोर मातीतच येऊन टेकले. "वर उकडतं," म्हणाले. ते कधीच वर बसले नाहीत. महिनाभर ती गादी रिकामी राहिली. मग गल्लीतली एक शेळी तिच्यावर रवंथ करत बसायला लागली, आणि तिला उठवायचा हक्क कुणाचा हे न ठरल्यानं तीच बसत राहिली.

आता कळंब-ढोकी रस्ता बरा आहे, तेरला मोठ्या रुळांची गाडी आहे, वस्तुसंग्रहालय आहे. दिवसाची सहल छान होते. मी त्यानंतर बरंच फिरलो. समुद्र पाहिला, हिमालयही लांबून पाहिला. त्या दोन दिवसांत काय पाहिलं म्हणाल तर खडी, वाळू आणि विझलेलं धुराडं. चष्मेवाला पुढं जगज्जेता झाला का, ते आम्ही कुणी पुन्हा पेपरात शोधलंही नाही.

पण आल्यावर पहिला डाव नव्या रीतीनं मांडला, तो अजून डोळ्यांपुढं आहे. गफूरभाईंचं पारडं कधी नव्हे ते जड होतं. बघ्यांची गर्दी. अशात आबांचं एक प्यादं सरकत सरकत घोड्याच्या घरात पोचलं. आबांनी जन्माच्या सवयीनं घोडा उचलून मांडला. गफूरभाई एक चाल खेळले असते तर डाव त्यांचा होता.

गफूरभाईंनी तो घोडा उचलला, आणि आबांच्या पुढ्यात वजीर ठेवला.

"हारशील, गफूर," आबा म्हणाले.

"ठावं है. चला आता."