अक्काची पाठ पाण्याकडे होती

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की चहा टाकायला उठणाऱ्यांपैकी मी आहे. त्यात माझा धंदा डोळे तपासण्याचा. जळगावात माझं छोटं क्लिनिक आहे, रोज माणसं समोर बसवून त्यांची नजर कुठे जाते, कुठे अडते हे बघायचं. त्यामुळे 'दिसलं' आणि 'भासलं' यातला फरक मला कळतो असं मी समजते. तरीही हे लिहायला बसले आहे... कारण जे घडलं ते माझ्यापासून दोन हातांवर, भर उन्हात घडलं.

माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, इथल्या एका जलतरण तलावावर बायकांना पोहायला शिकवते. आमचं माहेर एरंडोलकडचं. विहिरीत पोहायला शिकलेली ती, पुढे रीतसर परीक्षा देऊन ट्रेनर झाली. काठावर उभी राहिली की तिची नजर सतत फिरायची. या टोकाकडून त्या टोकाकडे, पुन्हा परत. कोण दमलंय, कोण घाबरलंय, तिला आधीच कळायचं.

मग ती आजारी पडली. नसांचा आजार. बाकी शरीर सावरलं, पण डोळ्यांची हालचाल जवळजवळ थांबली. दिसायचं स्वच्छ, पण बुबुळं जागची हलायची नाहीत. डावीकडे बघायचं तर अख्खी मान वळवायची. डॉक्टर म्हणाले, याच्यापुढे फार सुधारणा नाही.

आता हे थोडं समजावून सांगते. आपले डोळे एका जागी ठरत नाहीत, सारख्या बारीक उड्या मारत असतात. आणि गंमत म्हणजे, आधी लक्ष जातं, मागून डोळा जातो. नजर एकीकडे ठेवून लक्ष दुसरीकडे देणंही जमतं. वही तपासता तपासता वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या बाईंना जमायचं, तसं. पण ते दुसरीकडचं निदान डोळ्याच्या कोपऱ्यात तरी हवं. पाठीमागे कुणाचंही लक्ष 'बघत' नाही.

अक्का तरीही कामावर परत गेली. पलीकडच्या काठावर तिने स्वतःहून दुसरी ट्रेनर उभी करून घेतली. घरात मात्र सगळ्यांचं एकच — तिने हे आता थांबवावं. कुणाचा जीव गेला तर? आणि हे तिला सांगायचं कुणी, तर डोळ्यांचं ज्ञान असलेल्या धाकट्या बहिणीने!

म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी मी तलावावर गेले. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते जळगावकरांना सांगायला नको. बायकांची बॅच होती. मला बघून अक्काने शिट्टी वाजवली, विश्रांती दिली, सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. दुसरी ट्रेनर कपडे बदलण्याच्या खोलीकडे गेली. बायका पायऱ्यांवर बसून ताक पीत, हसत होत्या. तलावात पाणी सोडणारा पाइप धो धो वाहत होता. तलाव रिकामा — असंच सगळ्यांना वाटत होतं.

अक्का माझ्यासमोर उभी राहिली. तिची पाठ पाण्याकडे, माझं तोंड पाण्याकडे. मी म्हणाले, "अक्का, एक बोलायचं होतं. तू रागावू नकोस."

"बोल ना, शालू."

"तुझे डोळे आता..."

ती माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. बुबुळं स्थिर. आणि वाक्य अर्धं असतानाच ती गर्रकन वळली, काठावरून धावली आणि खोल बाजूच्या कोपऱ्यात तिने सूर मारला. ना ओरडली, ना शिट्टी.

मला वाटलं, ही रागावली.

ती वर आली तेव्हा तिच्या हातात मुमताजभाभी होती. बॅचमधलीच, माहेर फैजपूरचं, इथल्या कापड व्यापाऱ्याच्या घरातली सून. नंतर कळलं, भाभीची पोहण्याची टोपी त्या कोपऱ्यात राहिली होती. ती घ्यायला गेली, वाकली, चक्कर आली आणि आवाज न करता पाण्यात घसरली. ओठ निळे पडले होते. अक्काने तिला काठावर आडवं घातलं, तोंडाने श्वास दिला, छाती दाबली... आम्ही सगळ्या नुसत्या उभ्या. मग भाभी खोकली, पाणी बाहेर आलं, आणि पायऱ्यांवरच्या बायका एकदम रडायला लागल्या.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर भाभीने अक्काचा हात धरला. "अक्का, मैं तो चिल्लाई भी नहीं. तुमको पता कैसे चला?"

अक्का नुसती तिच्या हातावरून हात फिरवत राहिली.

घरी येताना मीही तेच विचारलं. ती थकलेली असली की आमची अहिराणी बोलते. म्हणाली, "माले दिसनं नही, शालू. ध्यान तठे गयं." दिसलं नाही. लक्ष तिकडे गेलं.

मी सगळं तपासलं. माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, की त्यात प्रतिबिंब दिसावं. माझ्यामागे खरबरीत भिंत होती, काच नाही. पाइपच्या आवाजात मलाच मोठ्याने बोलावं लागत होतं. आणि पाण्याकडे तोंड करून, धडधाकट, फिरते डोळे घेऊन मी उभी होते — मला काहीच दिसलं नव्हतं! माझं लक्ष माझ्या वाक्यात होतं.

क्लिनिकमध्ये अक्काला मशीनवर बसवलं. आजूबाजूचं तिला जेवढं दिसायला हवं तेवढंच दिसतं, कणभरही जास्त नाही. मग तिच्या पाठीमागे उभी राहून मी कधी डावा, कधी उजवा हात वर केला, विचारलं, कोणता हात? ती वारंवार चुकली आणि हसली.

"मग त्या दिवशी कसं कळलं गं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तू कुठे बुडत होतीस?" ती म्हणाली.

माझ्याबरोबरच्या एका डॉक्टर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, योगायोग. असेलही. पण माणूस योगायोगाने नेमक्या कोपऱ्याकडे धावत नाही, असं मला वाटतं. उत्तर शोधायचं आता मी सोडून दिलंय.

घरात तिचं काम थांबवायचा विषय पुन्हा निघाला नाही. एवढंच झालं, की चाळिशी उलटेपर्यंत गुडघाभर पाण्यालाही भिणारी मी यंदा अक्काच्या बॅचमध्ये नाव घातलं. पहिल्यांदा काठ सोडला, तेव्हा अक्का माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या बाईला श्वास कसा धरायचा ते दाखवत होती. मी तिला हाक मारली नाही. पाठीवर पडले, हात पसरले, आणि तरंगले.