गेटपासची गोळी

शिफ्ट सुटली की देवरावमामा कँप-1 या आमच्या मजूरवस्तीत, गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबवून ओरडायचे, "कोन जित्ता हाये बे?" आतून कोणी "आमी हावो मामा!" म्हटल्याशिवाय घरात शिरायचे नाहीत. आईच्या माहेरगावचे, म्हणून मामा. पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे, भट्टीपुढे काम.

गेटपास नवा करायचा तर ठेकामजुराची मेडिकल, म्हणजे तब्येतीची तपासणी होते. बीपी जास्त निघालं की पास नाही, पास नाही तर काम नाही. म्हणून वस्तीत लघवी वाढवणारी एक बीपीची गोळी हातोहात फिरते. मामांनी ती मेडिकलपुरती घेतली, पास झाले आणि घेतच राहिले. "बीपी घरी बसते, मी ड्युटीवर जातो." गोळीमुळे लघवीतून पोटॅशियम वाहून जात होतं, भट्टीपुढचा घाम त्यात भर घालत होता. हे त्यांना सांगणार कोण? मेडिकलवाल्याला फक्त आकडा हवा होता!

मग मामांचं ओरडणं बंद झालं. सायकल मारताना पाय गळायचे. मामी डब्यात काहीतरी कालवते, असा संशय घ्यायचे. एकदा ओट्यावर बसून रडत होते. "कावून रडून राहिलो, मलेच नाही समजत भाच्या."

सुपरवायझरने निकाल दिला, "पीके आया है." ज्या माणसाने आयुष्यात थेंब चाखला नाही, त्याचं तोंड हुंगायचीही तसदी घेतली नाही. नंतर म्हणाला, "मेंटल केस है." पास काढून घेतला. वस्तीनेही मामींना झाडफूक करणाऱ्या बैगाचा पत्ता दिला. रक्त तपासा, असं एकही जण म्हणाला नाही.

शेवटी मामा ओट्यावरच कोसळले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. पोटॅशियम तळाला गेलेलं; पाय गळणं, संशय, रडणं, सगळं त्यापायीच. त्यांनी गोळी बंद केली, सलाइनमधून पोटॅशियम दिलं. काही दिवसांत मामा पुन्हा मामा झाले. मामींना म्हणाले, "तुले का का बोललो असन, सांगूच नको. पन भाजी अळणी हाये, हे खरं."

मामा बरे झाल्याचा डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन आम्ही गेटवर गेलो. सुपरवायझरने तो उघडलाही नाही. "फिर पागल हुआ तो?"

शिफ्ट सुटत होती. मामा गेटबाहेर उभे राहून ओरडले, "कोन जित्ता हाये बे?" ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला, ते मान खाली घालून सायकली ढकलत गेले. एकानेही ओ दिली नाही.

संतापून मीच ओरडलो, "आमी हावो मामा!"

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू ओरडशीन बाबू, तुह्याजवळ पास कुठी हाये? त्यायची मेडिकल आली हाये. गोळी खिशात असन."