खुडूक कोंबडीचा रिलीव्हर

गेटमनकाका खुर्चीत बसलेले मी तीन वर्षांत फार तर चार-पाच वेळा पाहिले असतील. चहा ते उभ्याने पीत, पेपर उभ्याने वाचत, सकाळची बुद्धवंदनाही उभ्यानेच म्हणत. बोलता बोलता मध्येच दारापर्यंत जात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकून परत येत आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करत. नाशिकरोडला आमची पत्र्याच्या घरांची एक ओळ होती. त्यातलं शेवटचं घर त्यांचं, त्याला लागून माझी भाड्याची खोली. मागचं अंगण दोघांत एकच. मी वर्तमानपत्रात कामाला, कचेरी दुपारनंतर असे, त्यामुळे सकाळी त्यांच्या येरझाऱ्या मला खिडकीतून दिसत.

त्यांची बरीचशी नोकरी लासलगावच्या अलीकडच्या एका रेल्वे फाटकावर गेली होती. कांद्याच्या दिवसांत फाटकाशी ट्रॅक्टरांची रांग लागे. लिलाव चुकेल म्हणून ड्रायव्हर कावलेले असत, लांबवर गाडीचा पत्ता नाही हे बोट दाखवून सांगत, शिव्याही देत. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "गाडी दिसत नाय म्हणजे गाडी नाय, असं नसतं." दुसरा नियमही तितकाच पक्का होता. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय गेट सोडायचं नाही. एकदा अंगात ताप असताना रिलीव्हर उशिरा आला आणि ते कंदील धरून उभेच राहिले, हा प्रसंग त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितला असेल. प्रत्येक वेळी ताप तेवढाच होता, वाढत नव्हता. म्हणून मी विश्वास ठेवला.

कोंबड्या मूळ त्यांच्या पत्नीच्या. नांदगावहून नाशिकला राहायला येताना तिने उघड्या मानेची एक कोंबडी सोबत आणली होती. मानेवर पीस नाही, उन्हात ती तांबडीलाल दिसे. पत्नी गेली, तिच्यामागे त्या कोंबडीची पिल्लं, पिल्लांची पिल्लं राहिली. गेल्या वर्षी मुंगसाने खुराड्यात शिरून बहुतेक संपवली. एकच उरली, तीही वयाने उतरलेली; कोंबडा तेवढा शेजारच्या ओळीतला येऊन जाई. त्यातच आमची घरं पाडून तिथे इमारत उभी राहणार असं ठरलं. नोव्हेंबरअखेर जागा रिकामी करायची होती. काका मुलाकडे चौथ्या मजल्यावर जाणार होते. तिथे कोंबडी चालणार नव्हती. त्यांची नांदगावची धाकटी बहीण शांताबाई पिल्लं सांभाळायला तयार होती. मात्र पिल्लं आधी व्हायला हवी होती.

दिवाळी होऊन गेल्यावर कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवर बसायला आली. पिसं फुलवून कोपऱ्यात बसू लागली, हात नेला की गुरगुरू लागली. काकांनी पाटीत राख आणि भुसा घातला, कडेला रिवाजाप्रमाणे लोखंडी खिळा ठेवला आणि तिचीच नऊ अंडी मांडली. प्रत्येक अंड्यावर कोळशाने एका बाजूला 'अप' आणि दुसऱ्या बाजूला 'डाऊन' लिहिलं. कोंबडी अंडी फिरवते की नाही, ते त्यावरून कळे. मी दिवस मोजायला लागलो तेव्हा त्यांनी मला अडवलं. चार्ज घेतला, म्हणजे कोंबडी अंड्यांवर बसली, तो दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, एकवीस. मग म्हणाले, "ही गाडी चुकली तर पुढची नाय, पेपरवाले."

खुडूक कोंबडीला शांतता लागते. आणि शांतता सोडून बाकी सगळं काकांकडे होतं. तासातासाला ते खुराड्यात वाकून बघत. मी हटकलं की दोन पावलं मागे जात आणि पुन्हा येत. मलाच अस्वस्थ वाटू लागे. कधी कधी मीही खिडकीतून उगाच तिकडे पाही. रोज सकाळी मात्र सगळं वेळेवर होई. कोंबडीला उचलून बाहेर काढायचं, दाणा-पाणी, धुळीत लोळणं, पंधरा मिनिटांत परत. तेवढा वेळ काका आपला लोकरी मफलर अंड्यांवर टाकून शेजारी उभे राहत. याला ते 'रिलीफ' म्हणत.

सतराव्या दिवशी मी लवकर कामावर गेलो होतो. पुढचं त्यांच्याच तोंडून कळलं. कोंबडी रिलीफवर असताना मुलगा स्कूटर घेऊन दारात आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. काकांनी मांजर शिरू नये म्हणून खुराड्याला कडी लावली आणि मागे बसले. कोंबडी बाहेरच राहिली. बँकेत यंत्र त्यांचा अंगठा ओळखेना. फाटकाचं चक्र फिरवून रेषा झिजल्या होत्या. पुन्हा पुन्हा अंगठा पुसून ठेवत, आपण जिवंत आहोत हे पटवण्यात दुपार झाली. परत आले तेव्हा अंडी गार होती आणि कोंबडी शेजारच्या भिंतीवर चोच घाशीत होती. तिला चार वेळा पाटीत बसवलं. चारही वेळा ती उठली. तिचं खुडूकपण उतरलं होतं.

संध्याकाळी मी जेवणाच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा काका खुर्चीत बसलेले होते. मांडीवर पाटी, पाटीत गरम पाण्याची रबरी पिशवी, तिच्यावर मफलर, मफलरात नऊ अंडी. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गेट सोडलं मी."

नोव्हेंबरची थंडी होती, अंडी मेली असतील, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवीतलं पाणी बदलायला मला आत पाठवलं.

चार दिवस ते त्या खुर्चीत होते. झोपही तिथेच. मुलगा आला, रागावला, सामान बांधून ठेवून गेला. जेवायला आणि बाकीच्या गरजांना उठावं लागे, तेवढ्यापुरता मी बसे. चार्ज देण्याची पद्धत होती. अंडी मोजायची, वर कोणती बाजू ते सांगायचं. "नऊ. सगळी अप," ते म्हणत. मी "नऊ, सगळी अप" म्हटल्याशिवाय पाटी हातातून सुटत नसे. खुर्चीत बसलेल्या काकांचे पाय मात्र थांबले नव्हते. टाचा सारख्या फरशीवर आपटत.

विसाव्या दिवशी त्यांनी एक अंडं कानाशी धरलं, मग माझ्या कानाशी. आत बारीक टकटक होती. एकविसाव्या दिवशी सकाळी त्या अंड्याला भोक पडलं, पिवळी चोच दिसली आणि पुढे तासन् तास काही झालं नाही. नखाने टरफल सोलावं असं मलाच वाटू लागलं. घाईने सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी पाटी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसले. दुपारी मी कामावर निघालो तेव्हाही ते तसेच होते.

नऊपैकी चार पिल्लं निघाली. तिघांच्या मानेवर पीस नव्हतं. कोंबडीने त्यांना जवळ केलं नाही. ती पिल्लं काकांच्या चपलांमागे फिरू लागली, आणि काका पुन्हा येरझाऱ्या घालू लागले तेव्हा चारही त्यांच्यामागून दारापर्यंत जात आणि परत येत.

जागा सोडायच्या दिवशी टेम्पो भरून उभा होता. शांताबाई नांदगावहून दुसऱ्या दिवशी येणार होती, तोवर पिल्लं आणि कोंबडी माझ्या खोलीत राहणार होती; मला ती आणखी दोन दिवसांनी सोडायची होती. मला कचेरीतून निघायला तास-दीड तास उशीर झाला. ओळीच्या तोंडाशीच मुलगा भेटला, म्हणाला, "तुमची वाट बघत बसलेत. टेम्पोवाला निघून जाईन म्हणतो, पण हे उठत नाहीत." काका रिकाम्या घराच्या पायरीवर होते, मांडीवर खोकं. "चार," ते म्हणाले. मी मोजून "चार" म्हटलं. खोकं माझ्या हातात आलं आणि ते उठले. टेम्पोत बसेपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र पाहिलं.

फेब्रुवारीत ते गेले. निधनवार्ता माझ्याच टेबलावर आली. 'निवृत्त रेल्वे कर्मचारी', वय, मागे कोण, अंत्यविधी कुठे. मी ती तीन ओळींत बसवली.

यंदा पावसाळा सरताना नांदगावहून शांताबाईचा फोन आला. त्या चारांतली उघड्या मानेची एक तलंग आता अंडी देऊन खुडूक झाली होती, आणि शांताबाईने तिला आदल्या दिवशी अकरा अंड्यांवर बसवलं होतं.

"दादा दिवस कसे धरायचा हो?" तिने विचारलं. "कालचा धरू का नको? इथं सगळे येगयेगळं सांगत्यात."

"कालचा नको," मी म्हणालो. "चार्ज घेतला तो दिवस धरायचा नाही. आजचा पहिला."